डीबगराच्या हातीं स्मृतीचा नकाशा

आपल्या घरांतील कपडे धुण्याचें यंत्र, भिंतीवरील विजेचें मीटर, दुचाकीवरील वेगदर्शक, यांपैकीं बहुतेकांच्या पोटांत आज एक लहानसा संगणक बसलेला असतो. त्यास पडदा नाहीं, कळफलक नाहीं, आणि आपलें कोठें चुकलें हें सांगण्यास तोंडहि नाहीं. अशा मुक्या संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणाऱ्या मनुष्यास आंत काय चाललें आहे हें कळावें कसें? त्यासाठीं जें साधन वापरतात त्यास डीबगर असें म्हणतात. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबविणें, स्मृतींतील हव्या त्या जागीं काय लिहिलें आहे तें वाचून दाखविणें, आणि जरूर पडल्यास तेथें नवें मूल्य लिहिणें, हीं त्याचीं मुख्य कामें होत.

आतां अशा चिपा इतक्या स्वस्त झाल्या आहेत कीं शाळेंतील मुलेंहि त्या हाताळूं लागलीं आहेत. पालकांना टेबलावर तारांचा गुंता आणि त्यापुढें तासन् तास बसलेला आपला मुलगा वा मुलगी एवढेंच दिसतें. त्या तासांपैकीं कितीतरी तास एका विशिष्ट कारणानें व्यर्थ जातात, आणि तें कारण असें कीं, डीबगरनें दाखविलें तें सत्य असें मानून विद्यार्थी आपल्या निर्दोष प्रोग्रामांत दोष शोधीत बसतो. आपण म्हणाल, यंत्र खोटें कसें बोलेल? यंत्र खोटें बोलत नाहीं. परंतु कोणत्या पत्त्यावर काय आहे हें त्यास कोणीं सांगितलें नसेल, तर तें भलत्याच जागीं हात घालतें, आणि कांहीं जागा अशा आहेत कीं तेथें नुसतें पाहिलें तरी तेथील वस्तु बदलते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं डीबगरास स्मृतीचा नकाशा द्यावा लागतो. तो कसा द्यावा, व कां द्यावा, हा आजच्या पाठाचा विषय.

विषय समजण्यास एक ठराविक चिप डोळ्यांपुढें असलेली बरी. जिनीव्हा येथें मुख्य कार्यालय असलेल्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें २००७ सालीं एसटीएम३२ या नांवाचें चिपांचें एक कुळ बाजारांत आणिलें. त्या कुळांतील एफ१०३सी८ ही चिप एका लहान निळ्या पट्टीवर बसवून विकली जाते. त्या पट्टीस जगभर ‘ब्लू पिल’, म्हणजे निळी गोळी, असें गमतीचें नांव पडलें आहे. तिच्यांतील प्रोसेसर इंग्लंडांतील केंब्रिजच्या आर्म कंपनीनें आंखलेला कॉर्टेक्स-एम३ हा होय. डीबगर म्हणून आपण जीडीबी घेऊं. तो रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं प्रथम लिहिला, आणि पुढें पुष्कळ लोकांनीं वाढविला. तो कोणासहि फुकट मिळतो. जीडीबी चालतो आपल्या टेबलावरील संगणकावर, आणि आपला प्रोग्राम चालतो त्या चिपेंत. ज्या चिपेची परीक्षा चालली आहे तिला डीबगराच्या भाषेंत टार्गेट, म्हणजे लक्ष्य, म्हणतात. या दोघांच्या मध्यें दुभाष्याचें काम ओपनओसीडी नांवाचा प्रोग्राम करतो. जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथील एका विद्यार्थ्याच्या २००५ सालच्या प्रबंधांतून त्याचा जन्म झाला, ही गोष्ट आपल्या शाळेंतील मुलांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दुभाष्यापासून चिपेपर्यंत एक लहानसें जोडयंत्र व दोन संदेशवाहक तारा जातात. एक तार ताल धरते, दुसरी मजकूर नेते आणते.

आतां पत्त्यांकडे वळूं. या प्रोसेसरचा पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे त्यास एकंदर ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते उच्चारतां येतात, व प्रत्येक पत्त्यावर एक बाइट मावावा अशी कल्पना आहे. पण पत्ता उच्चारतां आला म्हणून तेथें घर असतेंच असें नाहीं. आपल्या चिपेंत प्रोग्राम साठविण्याची फ्लॅश ६५,५३६ बाइटांची, आणि कामापुरतें लिहिण्या-पुसण्याची रॅम अवघी २०,४८० बाइटांची आहे. बाकीचें बहुतेक सारें ओसाड माळरान. एखाद्या तालुक्याच्या कागदांत सर्व्हे नंबर लक्षावधि असावेत आणि वस्ती दोन-तीन वाड्यांची असावी, तसा हा प्रकार.

हे पत्ते षोडशमान पद्धतीनें लिहितात. म्हणजे मोजणींत दहाऐवजीं सोळा चिन्हें असतात. या लेखांत येणाऱ्या पत्त्यांत सुदैवानें शून्य ते नऊ एवढींच चिन्हें येतील. परंतु तीं वाचतांना ५००० म्हणजे पांच हजार नव्हे, तर २०,४८० असें समजावें. जीडीबीला पत्ता देतांना त्याच्या आरंभीं शून्य व एक्स हीं दोन चिन्हें जोडावीं लागतात, नाहीं तर तो आंकडा दशमान समजून तो भलतीकडेच जातो. आज्ञाहि अर्थात् रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथें त्यांचीं नांवें वाचण्याच्या सोयीसाठीं नागरींत दिलीं आहेत.

गांवच्या नकाशांत जशी जिराईत, बागाईत आणि गायरान अशी जमिनीची जात लिहिलेली असते, तशी या स्मृतीचीहि जात असते, आणि ज्या जातीची जमीन तशी तिची वहिवाट.

पहिली जात रॅमची. ती २००००००० या पत्त्यापासून सुरू होते. हिची तुलना पाटीशीं करावी. पाटीवरील अक्षर शंभर वेळां वाचा, तें तसेंच राहतें. पुसून दुसरें लिहा, पाटीस कांहीं होत नाहीं. डीबगर येथें निर्धास्तपणें वाचूं शकतो व लिहूं शकतो. रॅमविषयीं अधिक सांगण्यासारखें नाहीं.

दुसरी जात फ्लॅशची. ती ०८०००००० पासून. ही चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंतीसारखी समजावी. भिंतीवर डांबरानें लिहितां येतें, पण लिहिलेलें एखादें अक्षर बदलावयाचें झालें, तर तेवढ्या भागास पुन्हां सफेती दिल्यावांचून गत्यंतर नाहीं. फ्लॅशची सफेती एका वेळीं एका पानाची होते, आणि आपल्या चिपेंत पान १,०२४ बाइटांचें असतें. शिवाय लिहितांना एका वेळीं बरोबर दोन बाइट लिहावे असा तिचा नियम आहे. एक बाइट किंवा चार बाइट लिहूं गेल्यास ती तें स्वीकारीत नाहीं आणि प्रोसेसर दोष नोंदवितो. सफेती निदान १०,००० वेळां सहन होईल अशी निर्मात्याची हमी आहे. पालकांच्या माहितीसाठीं सांगतों: मुलानें रोज वीस वेळां नवा प्रोग्राम चढविला, तरी या हमीपर्यंत पोहोंचण्यास पांचशें दिवस लागतील, तेव्हां पट्टी लवकर झिजेल ही काळजी करूं नये.

फ्लॅश ही रॅम नव्हे, हें डीबगरास ठाऊक असणें एका विशेष कारणानें आवश्यक आहे. प्रोग्राम एखाद्या ओळीवर थांबविण्याच्या दोन रीति आहेत. एक अशी कीं, त्या जागची मूळ आज्ञा काढून घेऊन तेथें ‘थांब’ अशी आज्ञा लिहून ठेवावयाची, व काम झाल्यावर मूळ आज्ञा परत बसवावयाची. ही रीति रॅममध्यें चालते, आणि तशा खुणा कितीहि करतां येतात. फ्लॅशमध्यें मात्र अशी सहज खूण उमटत नाहीं. तेथें दुसरी रीति वापरावी लागते: प्रोसेसरच्या अंगांतच पत्ते ताडून पाहणारे पहारेकरी बसविलेले असतात, त्यांपैकीं एकास पत्ता सांगून ठेवावयाचा. कॉर्टेक्स-एम३ मध्यें असे पहारेकरी सहा असतात. सातवा थांबा मागितला कीं डीबगर नकार देतो. अमुक पत्त्यावर कोणती रीति वापरावी याचा निर्णय जीडीबी स्मृतीच्या नकाशावरून करतो. नकाशांत ती जागा वाचन व लेखन दोहोंस मोकळी असेल तर पहिली रीति, तशी नसेल तर दुसरी. फ्लॅश चुकून रॅम म्हणून नोंदली गेली, तर थांबा कां लागत नाहीं याचें कोडें विद्यार्थ्यास पडतें, आणि त्याचें उत्तर त्याच्या प्रोग्रामांत कोठेंहि सांपडत नाहीं.

तिसरी जात सर्वांत विलक्षण, आणि या लेखाचें खरें प्रयोजन तीच आहे. ४००००००० या पत्त्यापासून पुढें जें कांहीं आहे तें स्मृति नव्हेच. तेथें उपांगांचीं रजिस्टरें आहेत: दिवा लावणारीं, बटण दाबलें कीं नाहीं सांगणारीं, तारेवरून अक्षरें आणणारीं व नेणारीं. त्यांना पत्ते दिलेले आहेत एवढ्यामुळें तीं स्मृतीसारखीं दिसतात. पण पत्ता टपालाच्या पेटीसहि असतो आणि पाटीसहि असतो. म्हणून पेटी ही पाटी होत नाहीं.

उदाहरण म्हणून यूसार्ट नांवाचें उपांग घ्या. बाहेरच्या तारेवरून एक एक बिट करून आलेलें अक्षर जुळवून ठेवणें हें त्याचें काम. आपल्या चिपेंतील पहिल्या यूसार्टचीं रजिस्टरें ४००१३८०० पासून आहेत. त्या पत्त्यावर स्थितिदर्शक रजिस्टर आहे. त्यांतील एक बिट ‘अक्षर आलें आहे’ असें सांगतें, आणि दुसरीं कांहीं बिटें अक्षर येतांना कांहीं बिघाड झाला काय हें सांगतात. पुढच्याच, म्हणजे ४००१३८०४ या पत्त्यावर, प्रत्यक्ष अक्षर ठेवलेलें असतें. आतां मौज पाहा. हें अक्षर वाचलें, कीं ‘अक्षर आलें आहे’ हें बिट आपोआप उतरतें. हें सोयीचेंच आहे, कारण प्रोग्रामनें पेटींतून पत्र काढून घेतलें म्हणजे पेटी रिकामी अशी खूण व्हावयासच हवी. त्याचप्रमाणें आधीं स्थितिदर्शक वाचून मग अक्षर वाचलें, तर बिघाडाचीं बिटेंहि उतरतात.

पण उपांगास हें कसें कळावें, कीं वाचणारा प्रोग्राम आहे कीं डीबगर? त्यास तें कळत नाहीं. कोणाचाहि हात पेटींत शिरला, तरी पत्र बाहेर येतें.

समजा, एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम तारेवरून आलेलें प्रत्येक अक्षर परत पाठवितो. त्यानें कौतुकानें डीबगरांत एक स्मृति-खिडकी उघडून ठेविली आहे, व तींत ४००१३८०० पासूनचे कांहीं बाइट दिसत आहेत. अक्षराची वाट पाहण्याच्या ओळीवर त्यानें थांबा लाविला आहे. प्रोग्राम थांबतो, प्रोसेसर थांबला तरी यूसार्ट थांबत नाहीं, तें येणारें अक्षर घेऊन ठेवतें. इतक्यांत डीबगर आपली खिडकी ताजी करतो. म्हणजे तो आधीं स्थितिदर्शक वाचतो, मग अक्षर वाचतो. खिडकींत अक्षर दिसतें. विद्यार्थी खूष होतो, आणि प्रोग्राम पुढें चालवितो. प्रोग्राम बघतो तों ‘अक्षर आलें आहे’ हें बिट उतरलेलें! तो पुढील अक्षराची वाट पाहत बसतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें मात्र असें दिसतें, कीं अक्षर तर आलेलें आहे, आणि प्रोग्राम तें घेण्यास तयार नाहीं. तो वाट पाहण्याची ओळ चार प्रकारांनीं लिहून पाहतो, तारा बदलून पाहतो, आणि शेवटीं पट्टीच सदोष आहे असें ठरवितो. आणि खिडकी मिटून प्रोग्राम चालविला, कीं सर्व कांहीं सुरळीत चालतें! खराच बिघाड झाला असता, तरी त्याचा पुरावा असलेलीं बिटें खिडकीनेंच पुसून टाकलीं असतीं. चोराच्या पाउलखुणांवर तपासनीसानेंच चालत जावें, तसें हें आहे.

यावर कांहीं जण असा उपाय सांगतात, कीं डीबगर वापरूंच नये. प्रोग्रामकडून ठिकठिकाणीं संदेश छापवून घ्यावे. हा उपाय मला पटत नाहीं. संदेश छापण्यासहि तेंच यूसार्ट लागतें व वेळहि जातो. शिवाय प्रोग्राम मध्येंच कोलमडला तर छापणार कोण? साधन टाकून देण्यापेक्षां त्यास मर्यादा घालून द्याव्या, हें अधिक चांगलें.

आतां त्या मर्यादा घालण्याची रीत पाहूं. जीडीबीमध्यें यासाठीं मेम नांवाची आज्ञा आहे. तिला प्रदेशाचा खालचा पत्ता, वरचा पत्ता, आणि त्या प्रदेशाचे गुण असें सांगावयाचें असतें. वरचा पत्ता हा प्रदेशांत धरला जात नाहीं. तो सीमेचा दगड आहे, शेत त्याच्या अलीकडेच संपतें. गुण तीन प्रकारचे: केवळ वाचन, केवळ लेखन कीं दोन्ही, एका वेळीं ८, १६, ३२ कीं ६४ बिटांनीं व्यवहार करावा, आणि एकदां वाचलेलें मूल्य डीबगरनें आपल्याजवळ जपून ठेवावें कीं दर वेळीं नव्यानें आणावें. तिसऱ्या गुणाविषयीं एवढेंच सांगणें पुरे, कीं जपून ठेवल्यानें वेळ वांचतो खरा, पण उपांगांच्या रजिस्टरांच्या बाबतींत शिळें मूल्य ताजें म्हणून पुढें येतें. म्हणून तेथें जपणूक नको. जीडीबी मुळांतच ती करीत नाहीं, आपण होऊन ती मागूं नये म्हणजे झालें.

मात्र त्याआधीं एक काम आहे. आपण कांहींच सांगितलें नाहीं, तर ओपनओसीडी आपल्या परीनें एक नकाशा जीडीबीच्या हवालीं करतो. त्यांत फ्लॅश अचूक नोंदलेली असते, कारण चिप ओळखून तो ती माहिती मिळवितो. परंतु उरलेला सारा विस्तार, ओसाड माळरान व उपांगें यांसुद्धां, तो सरसकट रॅम म्हणून लिहून देतो. घाईच्या तलाठ्यानें गांवठाण तेवढें आंखावें आणि बाकी सर्व एकच जिराईत म्हणून टाकावें, तसा हा नकाशा आहे. प्रथम इन्फो मेम ही आज्ञा देऊन तो डोळ्यांखालून घालावा. दोन प्रदेश एकमेकांवर चढलेले जीडीबीला चालत नाहींत. म्हणून डिलीट मेम या आज्ञेनें जुनी यादी पुसावी, आणि मग आपली द्यावी. आपल्या चिपेसाठीं ती अशी असावी:

०८०००००० ते ०८०१०००० : फ्लॅश, केवळ वाचन.
२००००००० ते २०००५००० : रॅम, वाचन व लेखन.
४००१०८०० ते ४००११००० : ए व बी या पोर्टांचीं रजिस्टरें, वाचन व लेखन, ३२ बिट.
४००२१००० ते ४००२१४०० : घड्याळांचें नियंत्रण करणारीं रजिस्टरें, केवळ वाचन, ३२ बिट.

या यादींत यूसार्ट नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. तें मुद्दामच वगळलें आहे. जें यादींत नाहीं त्यास हात लावूं नये, असा जीडीबीचा मूळचा बाणा आहे. तो बदलतां येतो, पण बदलूं नये. यामुळें कोणी चुकून यूसार्टवर खिडकी उघडली, तर डीबगर त्या पत्त्यावरील स्मृति मिळत नाहीं असें सांगून स्वस्थ बसतो, आणि पेटींतील पत्र सुरक्षित राहतें. पोर्टांचीं रजिस्टरें मात्र वाचल्यानें बदलत नाहींत, म्हणून तीं खुशाल उघडीं ठेवावीं. त्यांच्यापुढें ३२ बिट लिहिलें आहे याचें कारण असें, कीं हीं रजिस्टरें चार बाइटांच्या पूर्ण शब्दानेंच हाताळावीं असा चिपेच्या ग्रंथांत स्पष्ट नियम दिलेला आहे. नकाशांत रुंदी लिहिली, तरी मधला दुभाषा ती पाळीलच असा भरंवसा धरूं नये. स्वतःहि अशा जागीं नेहमीं चार बाइटांचा शब्दच मागण्याची संवय ठेवावी.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्लॅशपुढें ‘केवळ वाचन’ लिहिलें म्हणून ती प्रोग्रामपासूनहि सुरक्षित झाली, असें कोणी समजूं नये. हें कुंपण डीबगरापुरतें आहे. चिपेंत चालणारा प्रोग्राम त्यास ओळखीत नाहीं. तो आपल्या मर्जीप्रमाणें कोठेंहि वाचील वा लिहील.

उलट या कुंपणाचा प्रोग्रामचे दोष पकडण्यास चांगला उपयोग होतो. सी भाषा शिकणाऱ्यांस ठाऊक आहे, कीं ज्या पॉइंटरमध्यें अजून कोणताहि पत्ता भरलेला नाहीं त्यांत बहुधा शून्य असतें. मोठ्या संगणकावर शून्य पत्त्यावर वाचूं गेलें, तर प्रोग्राम तत्काळ बंद पाडला जातो. आपल्या चिपेंत तसें होत नाहीं. नेहमींच्या रीतीनें सुरू झाल्यावर तिची फ्लॅश ०८०००००० बरोबरच शून्य पत्त्यापासूनहि दिसूं लागते. एकाच घरास जणूं दोन दरवाजे. त्यामुळें रिकाम्या पॉइंटरमधून वाचणारा प्रोग्राम बिनदिक्कत पुढें जातो, आणि फ्लॅशच्या आरंभींचे आंकडे हीच आपली माहिती असें धरून चालतो. सर्व प्रदेश मोकळा ठेवणारा डीबगरहि तेच आंकडे गंभीरपणें दाखवितो, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते कीं पॉइंटर ठीक आहे. आपल्या यादींत शून्य पत्ता नसल्यामुळें डीबगर तेथें अडतो, आणि दोष उघडा पडतो. ‘सगळें मोकळें करून टाका, म्हणजे कटकट मिटली’ असा सल्ला वरच्या वर्गांतील मुलें खालच्या मुलांस देतांना आढळतात. कटकट मिटते, हें खरें आहे. पण ती कटकटच आपल्या कामाची होती.

नकाशा बरोबर असूनहि एका प्रसंगीं डीबगर फसविल्यासारखें करतो. या चिपेंत वीज वांचविण्यासाठीं प्रत्येक उपांगाचें घड्याळ आरंभीं बंद असतें. तें चालू केल्यावांचून त्या उपांगाचीं रजिस्टरें वाचलीं, तर जिकडे तिकडे शून्यच दिसतें. आणि तेथें कांहीं लिहिलें तरी तें टिकत नाहीं. अशा वेळीं डीबगराची किंवा नकाशाची चूक काढूं नये. ४००२१०१८ या पत्त्यावरील शब्द वाचावा. पोर्टांचीं व पहिल्या यूसार्टचीं घड्याळें चालू आहेत कीं बंद, हें त्यांतील बिटांवरून कळतें. घड्याळांचीं रजिस्टरें आपण यादींत घातलीं तीं याचसाठीं.

नकाशा दिल्यानंतर तो या चिपेस जुळतो कीं नाहीं, याची एक लहानशी परीक्षा आहे. फ्लॅशच्या अगदीं पहिल्या चार बाइटांत, म्हणजे ०८०००००० वर, प्रोग्रामच्या स्टॅकचा आरंभीचा पत्ता लिहिलेला असतो. त्यापुढील चार बाइटांत प्रोग्रामची पहिली आज्ञा कोठें आहे तें असतें. स्टॅक म्हणजे प्रोग्रामची तात्पुरती टिपणवही. ती रॅमच्या टोंकापासून खालीं खालीं भरत येते. आपल्या चिपेंत रॅम २०००५००० च्या अलीकडे संपते, म्हणून बहुधा तेथें २०००५००० हाच आंकडा सांपडतो. बाइट सुटे सुटे पाहिल्यास ते ०० ५० ०० २० असे उलट्या क्रमानें दिसतील. कारण हा प्रोसेसर शब्दांतील सर्वांत कमी किमतीचा बाइट आधीं ठेवतो. हा पत्ता स्वतः सीमेच्या दगडाचा असल्यामुळें आरंभीं त्यावर काय आहे असें विचारल्यास डीबगर नकार देतो, आणि तो योग्यच आहे. प्रोसेसर लिहिण्यापूर्वीं आधीं खालीं उतरतो, मग लिहितो.

याच कुळांतील एफ१०३आरसी या मोठ्या चिपेंत रॅम ४८ किलोबाइटांची असते. तिच्यासाठीं तयार केलेला प्रोग्राम कोणी आपल्या लहान चिपेंत चढविला, तर पहिल्या चार बाइटांत आपल्या रॅमच्या पुष्कळ पलीकडचा पत्ता येतो. तेथें जमीनच नाहीं. टिपणवहींत पहिली नोंद करूं जातांच प्रोसेसर दोषाच्या फेऱ्यांत अडकतो, आणि विद्यार्थ्यास वाटतें कीं आपला प्रोग्राम पहिल्या ओळीसहि पोहोंचत नाहीं. येथें दोष डीबगराच्या नकाशाचा नसून लिंकरच्या नकाशाचा असतो. प्रोग्रामचे तुकडे जुळवून कोणता तुकडा कोणत्या पत्त्यावर बसावा हें ठरविणारा तो लिंकर, आणि त्याचीहि एक स्वतंत्र यादी असते. दोन्ही याद्या शेजारीं शेजारीं ठेवून फ्लॅश व रॅम यांचे आरंभ आणि लांबी ताडून पाहाव्या. हें काम पांच मिनिटांचें आहे.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. आपली यादी दिल्यावर फ्लॅश केवळ वाचनासाठीं राहते. म्हणून त्याच स्थितींत नवा प्रोग्राम चढवूं गेल्यास जीडीबी तें करूं शकत नाहीं. सफेती कशी द्यावी व पान केवढें आहे हें ज्ञान ओपनओसीडीच्या मूळ नकाशांत होतें, आणि तो आपण पुसला. म्हणून चढविण्यापूर्वीं मेम ऑटो ही आज्ञा द्यावी. तिनें आपले फेरफार रद्द होऊन मूळ नकाशा परत येतो. प्रोग्राम चढला, कीं पुन्हां डिलीट मेम देऊन आपली यादी घालावी. दर वेळीं हें हातानें टंकण्याचा कंटाळा येतो, म्हणून या आज्ञा एका फाइलींत लिहून ठेवाव्या, आणि त्या फाइलीच्या पहिल्याच ओळींत चिपेचें पूर्ण नांव घालावें: नुसतें एफ१०३ नव्हे, तर एफ१०३सी८.